अमेरिकेत नर्सिंग असिस्टंट व्हायचंय? सीएनए परीक्षेची तयारी, कागदपत्रांपासून रजिस्ट्रीपर्यंत

कऱ्हाडच्या घरी माझी आजी अर्धांगवायूनंतर सव्वा वर्ष अंथरुणावर होती. तिला भरवणं, कुशीवर वळवणं, अंग पुसणं हे सगळं आई आणि मी मिळून करायचो. त्यामुळे फिलाडेल्फियाजवळ राहायला आल्यावर मी सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा हे काम आपल्याला येतं असा माझा ठाम समज होता. लेखी परीक्षेत मी पहिल्याच वेळी पास झाले. प्रात्यक्षिकात मात्र मी नापास झाले.

कारण नंतर कळलं. आपल्याकडे आजारी माणसाची सेवा करताना आपण त्याला विचारत बसत नाही. आजीला भूक लागली असेल हे आपल्याला कळतं, आपण घास पुढे करतो, ती तोंड उघडते. या परीक्षेत मात्र विचारावं लागतं. शर्ट कुठला घालू, आधी काय खाणार, पडदा ओढू का, पुढचा घास देऊ का. जे आजारी माणूस स्वतः करू शकतो ते त्याला करू द्यावं लागतं. हे माझ्या लक्षात यायला एक परीक्षा आणि तिची फी गेली. तुमची जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

1. वर्गात पैसे भरण्याआधी व्हिसा तपासा

एच-4 व्हिसावर (एच-1बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, पण पगारी नोकरी करायची तर ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना लागतो. जोडीदाराचं आय-140 (मालकाने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज) मंजूर असेल तर 2015 पासून एच-4 धारकांना ईएडीसाठी अर्ज करता येतो. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना मात्र हा अभ्यासक्रमही करता येत नाही आणि कामही. कोणी ‘चालतं हो, रोख देतात’ असं म्हणालं तरी त्या वाटेला जाऊ नका.

भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेलं असेल तर काही राज्यं वर्ग न करता थेट परीक्षेला बसू देतात. राज्याच्या नर्स एड रजिस्ट्रीला, म्हणजे सीएनएंची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला, आधी ते विचारा. नोंदणीकृत नर्स होण्याची वाट वेगळी आहे. तिथे एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा द्यावी लागते. ती तयारी चालू असताना सीएनए म्हणून काम केलं तर इथल्या रुग्णालयीन इंग्रजीची सवय होते, एवढा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

2. वर्ग निवडताना

1987 च्या ओब्रा या संघीय कायद्यामुळे नर्सिंग होममधल्या (इथे नर्सिंग होम म्हणजे छोटं रुग्णालय नव्हे, वृद्ध आणि आजारी माणसांना ठेवून सांभाळणारी संस्था) सहायकांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. किमान 75 तासांचं प्रशिक्षण हवं, त्यात किमान 16 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. ही झाली तळाची मर्यादा. राज्यं त्यावर आपापले तास वाढवतात. पेनसिल्व्हेनियात 80, न्यू जर्सीत 90, कॅलिफोर्नियात तब्बल 160 तास लागतात. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावशीने सांगितलेला हिशेब कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला लागू पडणार नाही. परीक्षा घेणारी संस्थाही राज्यागणिक बदलते. मी दिलेली परीक्षा एनएनएएपी या नावाने ओळखली जाते, आणि खालचे तपशील तिचेच आहेत. तुमच्या राज्यात दुसरी संस्था असेल तर तिची उमेदवार-पुस्तिका पहिल्याच आठवड्यात डाउनलोड करून घ्या. ती फुकट मिळते, आणि प्रात्यक्षिकातली प्रत्येक पायरी तिच्यात छापलेली असते. मी ती पुस्तिका नापास झाल्यावर नीट वाचली.

दोन सापळे. पहिला: संपूर्ण ऑनलाइन ‘सीएनए कोर्स’. रुग्णाजवळ उभं राहून केलेले तास नसतील तर त्या प्रमाणपत्राच्या जोरावर परीक्षेला बसता येत नाही. राज्याच्या मान्यताप्राप्त यादीत वर्गाचं नाव आहे का, हे स्वतः पाहा.

दुसरा सापळा पैशांचा, आणि याबद्दल आपल्या बायकांना कोणी सांगत नाही. मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होममध्ये तुम्ही आधीच नोकरीला असाल, किंवा वर्ग सुरू होण्याच्या दिवशी तुमच्या हातात तिथलं नोकरीचं पत्र असेल, तर प्रशिक्षणाचा आणि पुस्तकांचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. स्वतः पैसे भरून वर्ग केलात आणि संपल्यापासून 12 महिन्यांत अशा नर्सिंग होममध्ये लागलात, तर खर्चाची टप्प्याटप्प्याने परतफेड मिळण्याची तरतूद संघीय नियमात आहे. म्हणून फीची प्रत्येक पावती जपून ठेवा. माझी एक पावती हरवली आणि तेवढे पैसे परत मिळाले नाहीत.

3. कागदपत्रं: नाव आणि टीबी

साधारण हे लागतं:

- दोन ओळखपत्रं, मुदतीतली. दोन्हींवर सही, एकावर तरी फोटो
- सोशल सिक्युरिटी कार्ड
- वर्ग पूर्ण केल्याचा दाखला
- गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी
- डॉक्टरी तपासणीचा फॉर्म, टीबीची चाचणी
- गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपॅटायटिस-बी, फ्लू यांच्या लशींची नोंद (वर्ग आणि नर्सिंग होमप्रमाणे कमी-जास्त)

यातल्या दोन गोष्टींवर थांबायला हवं.

पहिली, नाव. आपल्या पासपोर्टवर नावापुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असतं. ते कधी पहिल्या नावाच्या रकान्यात जातं, कधी मधल्या. सोशल सिक्युरिटीवर एक, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरं, आणि वर्गाच्या दाखल्यावर लग्नाआधीचं आडनाव, असं सर्रास होतं. परीक्षेच्या दारात ओळखपत्रावरचं आणि अर्जावरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फीही बुडते. वर्गात नाव नोंदवतानाच लायसन्स समोर ठेवा आणि त्यावर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट, सगळीकडे लिहा. कुठे जुळत नसेल तर दुरुस्ती आधी करून घ्या. तिला आठवडे लागतात.

दुसरी, टीबी. भारतात आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते. तिच्यामुळे हातावर करतात ती टीबीची त्वचाचाचणी, टीबी नसतानाही, पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, आणि वर्गाची तारीख हुकते. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की मला बीसीजी दिलेली आहे, रक्ताची चाचणी करायची आहे. इग्रा नावाच्या या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. त्वचाचाचणीच करायची ठरली तर ती 48 ते 72 तासांत दाखवायला परत जावं लागतं, आणि अनेक ठिकाणी ती दोनदा करायला लावतात. तेवढे दिवस हिशेबात धरा.

4. प्रात्यक्षिक: सगळा जोर इथे लावा

पुस्तिकेत वीस-बावीस कौशल्यं असतात. परीक्षेच्या दिवशी त्यातली पाच करायला सांगतात: हात धुणं ठरलेलं, एक मोजमापाचं, बाकीची तीन कुठलीही. साधारण अर्धा तास मिळतो. पाचही कौशल्यांत पास व्हावं लागतं. प्रत्येकात काही पायऱ्या ठळक अक्षरांत छापलेल्या असतात. त्यातली एक जरी चुकली तरी ते कौशल्य गेलं, मग बाकी कितीही सुंदर केलेलं असो.

*हात धुणं.* सगळ्यात सोपं वाटतं आणि इथेच कितीतरी जण अडकतात. पाणी सोडा, मनगटापर्यंत हात ओले करा, साबण लावा. किमान 20 सेकंद फेस करून बोटांच्या बेचक्या, हातांची मागची बाजू, मनगटं आणि नखं चोळा. हे सगळं होईपर्यंत हात कोपरांच्या खाली असू द्या. मनगटाकडून बोटांकडे पाणी ओघळू द्या. कागदी टॉवेलने बोटांच्या टोकांपासून वर पुसत या. आणि नळ बंद करायला नवा, कोरडा टॉवेल घ्या. धुतलेला हात नळाला किंवा सिंकच्या कडेला लागला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. स्वयंपाकघरात आपण दिवसातून वीस वेळा हात धुतो आणि वीस वेळा त्याच हाताने नळ बंद करतो. ती सवय मोडायला मला दोन आठवडे लागले. घरातल्या नळावर ‘टॉवेल’ अशी चिठ्ठीच चिकटवली होती.

*पलंगावरून व्हीलचेअरवर.* मी नापास झाले ते इथे. खुर्ची पलंगाला लागून लावा. पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. चाकांचे ब्रेक लावा. पलंगाची चाकं बंद आहेत का पाहा, उंची कमी करा. माणसाला बसतं करा, पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. पायांत न घसरणारी पादत्राणं घाला. कमरेला कपड्यांवरून ट्रान्सफर बेल्ट (उठवताना धरायचा पट्टा) बांधा. मग त्याला सांगा, ‘मी तीन म्हणाले की उठायचं.’ बेल्ट दोन्ही बाजूंनी, तळवे वर ठेवून धरा. समोर उभं राहून आपल्या पायांनी त्याच्या पायांना आधार द्या, वळवा, खुर्ची त्याच्या पायांना मागून लागली की हळू बसवा. बेल्ट काढा, पाय पट्ट्यांवर ठेवा.

मी ब्रेक लावायला विसरले. तो माणूस बसल्यावर लक्षात आलं आणि घाईघाईने लावले. हा नियम नीट समजून घ्या. एखादी पायरी राहिली तर ‘मला दुरुस्ती करायची आहे’ असं म्हणून ती कुठली ते सांगता येतं आणि पुन्हा करता येते. पण जी पायरी ठरावीक वेळेआधीच करायची असते, जसा उठवण्याआधीचा ब्रेक, तिला नंतर अर्थ उरत नाही. माणूस पडायचा तो तेव्हाच पडला असता. पुढचं कौशल्य सुरू केलं की मागच्यात दुरुस्ती करता येत नाही, म्हणून प्रत्येक कौशल्य संपवताना दोन श्वास थांबा आणि मनात उजळणी करा.

*भरवणं.* आधी ताटावरच्या चिठ्ठीवरचं नाव पाहा आणि माणसाला त्याचं नाव विचारा. त्याला ताठ बसवा, 75 ते 90 अंशांत. त्याचे हात पुसा. आणि मग स्वतः खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसा. आपल्याकडे उभ्यानेच घास देतो. इथे बसून, डोळ्यांच्या पातळीवर. ताटात काय काय आहे ते सांगा, आधी काय खाणार ते विचारा, प्रत्येक चमच्यात काय आहे ते सांगा, पुढच्या घासाला तयार आहात का विचारा, मधे पाणी किंवा पेय द्या. शेवटी तोंड आणि हात पुसा.

*कपडे घालणं.* परीक्षेत उजवा हात दुबळा धरतात. पडदा ओढा, शर्ट निवडायला द्या. घालताना दुबळा हात आधी, काढताना धडधाकट हात आधी. आजीचं पोलकं बदलताना आम्ही नेमकं उलटं करायचो आणि ती दुखलं म्हणून ओरडायची. त्या ओरडण्याचं कारण मला इतक्या वर्षांनी वर्गात कळलं, आणि त्या दिवशी मी घरी येऊन आईला फोन केला.

*मोजमापं.* नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. तुमचा आकडा परीक्षकाच्या आकड्याहून 4 ठोक्यांपेक्षा जास्त चुकता कामा नये. श्वासात 2 ची सूट, लघवीच्या मापात 25 मिलिलिटरची. लघवीचं माप सपाट जागी ठेवून, डोळे त्याच्या पातळीला आणून वाचायचं. घरी सरावाला मापाच्या भांड्यात चहाचं पाणी घ्या आणि नवऱ्याला दर वेळी वेगळं भरायला सांगा. नाडीसाठी घरातल्या दोघांनी एकाच माणसाचे दोन हात धरून एकाच वेळी मोजा आणि आकडे ताडून पाहा. वजन इथे पौंडांत असतं. काटा आधी शून्यावर आणायचा. नोंद लिहायला विसरू नका. आकडा बरोबर आणि कागद कोरा, अशी एक मैत्रीण माझ्यासमोर नापास झाली.

*बाईच्या खाजगी भागाची स्वच्छता आणि कॅथेटरची (लघवीच्या नळीची) काळजी.* ही दोन्ही पुतळ्यावर करतात, जिवंत माणसावर नाही. पण समोर परीक्षक उभी असते आणि आपला आवाज लाजेने घशात अडकतो. सांगायच्या गोष्टी न सांगताच आपण भराभर उरकायला जातो. हातमोजे, पाणी फार गरम नाही ना हे विचारणं, फक्त लागेल तेवढाच भाग उघडा करणं, पुढून मागे पुसणं, आणि प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ बाजू घेणं. कॅथेटरची नळी शरीराजवळ धरून, तिथून बाहेरच्या दिशेने किमान चार इंच पुसायची. घरी उशी घेऊन, मोठ्याने बोलत, दार लावून का होईना, पण दहा-बारा वेळा करा. आवाज आपोआप मोकळा होतो.

आता सगळ्या कौशल्यांना लागू असलेला साचा. आत जाताना दारावर टकटक, स्वतःचं नाव सांगणं, काय करणार ते समजावणं, पडदा. बाहेर पडताना पलंग खाली, बोलावण्याची घंटी हाताशी, हात धुणं. खरे हात पहिल्यांदाच धुवावे लागतात. नंतर ‘इथे मी हात धुतले असते’ असं सांगितलं तरी चालेल, असं परीक्षकच सांगतात. इंग्रजीची भीती असेल तर ही वाक्यं पाठ करा. मोजून सात-आठ वाक्यांत सगळी कौशल्यं बसतात. व्याकरण चुकलं म्हणून गुण कापत नाहीत. न बोलल्याने जातात.

5. लेखी परीक्षा

70 बहुपर्यायी प्रश्न, दोन तास. त्यातले 10 प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण कुठले ते कळत नाही, म्हणून सगळे सोडवायचे. वाचायला जड जात असेल तर तोंडी प्रकार घेता येतो. त्यात प्रश्न ऐकवले जातात, पण तो अर्ज करतानाच निवडावा लागतो.

प्रश्न अवघड नसतात, फसवे असतात. डॉक्टरी ज्ञान असलेल्या आपल्या मुली इथे चुकतात, कारण त्या निदान करायला जातात. नर्सिंग असिस्टंट औषध देत नाही, निदान सांगत नाही, नातेवाइकांना रिपोर्ट सांगत नाही. काही वेगळं दिसलं तर नर्सला कळवते. चार पर्यायांत माणूस सुरक्षित ठेवणारा, त्याचा मान राखणारा आणि नर्सला कळवणारा पर्याय शोधा. पण माणूस पडत असेल किंवा त्याच्या घशात घास अडकला असेल, तर आधी त्याला सांभाळायचं, मग हाक मारायची.

आपल्याला नवी अशी थोडी मापं: एक औंस म्हणजे 30 मिलिलिटर, म्हणून आठ औंसाचा पेला 240. ताप आपल्याकडच्यासारखाच फॅरनहाइटमध्ये. एनपीओ म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. बिछान्यातल्या माणसाला निदान दर दोन तासांनी कूस बदलवायची, नाहीतर जखमा होतात. मधुमेही माणसाची नखं आपण कापायची नाहीत. आणि माणसाला बांधून ठेवणं डॉक्टरच्या आदेशाशिवाय चालत नाही, घरच्यांनी कितीही सांगितलं तरी.

रहिवाशाचे, म्हणजे नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या माणसाचे, हक्क हा भाग नीट वाचा. त्याला अंघोळ नको असेल तर ‘नको’ म्हणायचा त्याला हक्क आहे. आपण ते मान्य करून नर्सला सांगायचं, गोड बोलून जबरदस्ती करायची नाही.

6. परीक्षेचा दिवस

सेकंदकाटा असलेलं साधं मनगटी घड्याळ न्या. स्मार्ट घड्याळ आणि फोन आत चालत नाही. पायांत न घसरणारे, बंद, सपाट बूट. अर्ध्या बाह्यांचा सैल शर्ट आणि आत बनियन किंवा टँक टॉप, कारण प्रात्यक्षिकात उमेदवारच एकमेकांचे रुग्ण होतात. तुम्ही पलंगावर असाल तेव्हा दुसऱ्या उमेदवाराला खुणेनेही मदत करू नका, दोघीही बाहेर जाल. बांगड्या आणि अंगठ्या घरी ठेवा. मंगळसूत्र असेल तर शर्टाच्या आत राहू द्या, वाकताना लोंबता कामा नये.

अर्धा तास आधी पोहोचा. उशीर झाला की दार बंद, आणि फी परत मिळत नाही. काही राज्यांत लेखी परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर देता येते. तेव्हा खोलीत दुसरं कोणी येणार नाही याची घरात सगळ्यांना ताकीद द्या.

7. निकालानंतर

एकाच भागात नापास झालात तर तोच भाग पुन्हा द्यायचा. निदान तीन संधी मिळतात. तिन्ही गेल्या तर प्रशिक्षण पुन्हा. नापासाच्या पत्रात कुठली पायरी चुकली ते लिहिलेलं असतं, ते फेकू नका. मी दुसऱ्या वेळी त्या पत्रावरच तयारी केली.

वर्ग चालू असताना किंवा निकालाची वाट पाहत असताना नर्सिंग होम तुम्हाला कामावर घेऊ शकतं, पण चार महिन्यांपर्यंतच. त्याच्या आत परीक्षा पास झाली पाहिजे.

पास झाल्यावर तुमचं नाव राज्याच्या रजिस्ट्रीत चढतं. ते चढलं का, स्पेलिंग बरोबर आहे का, हे स्वतः पाहा, कारण नोकरी देणारे तिथेच शोधतात. घर बदललं की पत्ता कळवा, नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर जाते. आणि सलग 24 महिन्यांत पगार घेऊन एकही पाळी (शिफ्ट) केली नाही, तर नाव टिकत नाही, वर्ग किंवा परीक्षा पुन्हा करावी लागते. बाळंतपणासाठी किंवा भारतात जाण्यासाठी मोठी सुट्टी घेणार असाल तर निघण्याआधी एखादी पाळी करून घ्या आणि त्या पगाराची पावती कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.